खोलीत नाहीत

"तुम्ही म्हणताय म्हणजे डॉक्टर नसतीलच," घड्याळवाले फोनवर म्हणाले. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर येऊन बसलो असतो बाकावर. बरं, उद्या करतो फोन." आणि त्यांनी फोन ठेवला. तिच्या कानाशी रिसीव्हर तसाच राहिला. खरं तर वाक्य साधं होतं. डोळ्यांच्या या दवाखान्यात काउंटरमागे बसायला लागल्यापासून असलं काहीतरी तिला कुणी ना कुणी ऐकवत आलं होतं, आणि ते ऐकून तिला बरं वाटत आलं होतं. इतकं बरं, की घरी जाताना ती ते पुन्हा एकदा मनातल्या मनात म्हणून बघायची. आज तेच वाक्य आत गेलं आणि डोळ्यात पापणीचा केस गेल्यासारखं खुपत राहिलं. तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला. समोरच्या बाकांवर माणसं डोळे मिटून बसली होती, थेंबांनी बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघत. डॉक्टरांच्या खोलीतून मागच्या दाराची कडी वाजली, मग खुर्ची सरकली. डॉक्टर आत आले होते. म्हणजे आता ते खोलीत होते. आणि मघाशी, ती बोलली तेव्हा, खरोखरच नव्हते.

ही रीत कशी पडली ते दवाखान्यात सगळ्यांना तोंडपाठ होतं, आणि नव्यानं येणाऱ्याला ते रंगवून सांगितलं जाई. ती नोकरीला लागली तेव्हाची गोष्ट. औषध कंपनीचा एक चिवट विक्रेता बाहेर ठाण मांडून बसला होता. डॉक्टर आतल्या फोनवरून म्हणाले, "सांगा त्याला, मी नाही म्हणून." ती म्हणाली, "पण तुम्ही आहात." पलीकडून आधी एक उसासा. मग, "अहो बाई, आहे ते मलाही ठाऊक आहे. सांगायचं असतं तसं." ती म्हणाली, "मला नाही जमणार, डॉक्टर."  नोकरी गेलीच असं तिनं धरून टाकलं, घरी नवऱ्यापुढे काय बोलायचं तेही जुळवायला घेतलं. डॉक्टरांनी दार किलकिलं करून तिच्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, रोग्याच्या डोळ्यात पाहावं तसं. मग ते वळले, खोलीचं मागचं दार उघडून बाहेरच्या लोखंडी जिन्यावर जाऊन उभे राहिले आणि तिथून हळूच म्हणाले, "आता?" तिलाही हसू आलं. ती विक्रेत्याकडे वळली आणि म्हणाली, "डॉक्टर खोलीत नाहीत." त्या दिवसापासून हे ठरूनच गेलं. नको असलेला माणूस आला किंवा त्याचा फोन आला, की ती म्हणायची, "बघते हं," आणि आतला फोन वाजवायची. डॉक्टर उठायचे. कडी निघायची, दार लागायचं. तो आवाज कानावर आल्याशिवाय ती तोंड उघडत नसे. एकदा पावलं वाजली पण कडी वाजली नाही, तर तिनं माणसाला ताटकळत ठेवलं होतं, आणि त्यावरून पुढे कितीतरी दिवस तिची थट्टा चालली होती.

तिचं बोलणं म्हणजे शिक्कामोर्तब, म्हणून तिला सगळे शिक्का म्हणत. "शिक्क्याला विचारा." "शिक्का बसला, आता काय!" हे नाव रोग्यांच्या डोळ्यांत थेंब टाकणाऱ्या बाईंनी पाडलं होतं, ज्यांना सगळा दवाखाना थेंबवाली म्हणे. नावात कुचकेपणा नव्हता. इथे तिच्याशी कुणीच कधी कुचकं वागलं नाही. डॉक्टर देव मानत नसत. तसं ते कशालाच मानत नसत, पण चार पुस्तकं वाचलेला माणूस, कुणाच्या श्रद्धेला नाव ठेवायचं नाही हा त्यांचा बाणा होता. रविवारी सकाळी दवाखाना उघडा असे, तरी तिला न मागता चर्चमधल्या प्रार्थनेसाठी सुट्टी मिळे. कुणाच्या बढतीची पार्टी असली की तिच्या हातात सरबताचा ग्लास आपोआप येई. जेवणाआधी ती डोळे मिटून मान खाली घाली तेव्हा भोवतालचे लोक बोलणं थांबवत, आणि तिनं डोळे उघडले की जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे बोलू लागत. पाहुणे आले की डॉक्टर तिच्याकडे बोट दाखवून म्हणत, "ही बाई आल्यापासून मला जिना चढायचा-उतरायचा व्यायाम लागलाय. आमच्याकडे खोटं बोलायची सोय नाही." पाहुणे कौतुकानं बघत. तिचे कान गरम होत, आणि त्या गरम होण्यात सुख असे. तिच्या वेगळेपणाला सगळ्यांनी मिळून एक छान जागा करून दिली होती, दिवाणखान्यातल्या कुंडीला देतात तशी. पाणीही वेळच्या वेळी घालत होते.

लहानपणी असं नव्हतं. लहानपणी ते वेगळेपण टोचायचं. त्यांच्या घरात शपथ घेत नसत. शाळेत मुली म्हणत, "घे आईची शपथ," आणि ती घेत नसे, म्हणून ती चोर ठरे. पेन्सिल हरवली की संशय तिच्यावर. तेव्हा तिला शिक्का म्हणत नव्हते, तेव्हा तिला काहीच म्हणत नव्हते, नुसतं बाकाच्या टोकाला सरकवत. घरी येऊन ती रडली की बाबा म्हणत, "शपथ घेणारा इतर वेळी काय बोलतो मग?" यातून तिला तेव्हा काही दिलासा मिळत नसे. बाबा बसचालक होते. आगारातल्या दुसऱ्या चालकाच्या बसखाली एक बाई सापडली, तेव्हा मागच्या बसमध्ये बाबा होते. तो चालक त्यांचा जिवाभावाचा दोस्त, दोन्ही घरांचं एकमेकांकडे सारखं जाणं-येणं. न्यायालयात शपथेसाठी पुढे केलेल्या ग्रंथावर बाबांनी हात ठेवला नाही. मी एरवीही खरंच बोलतो, म्हणाले. वकिलानं खूप टर उडवली, लोक हसले. ते हसणं तिच्या आईला आयुष्यभर पुरलं. पण त्याहून वाईट पुढे झालं. वकिलानं बाबांना विचारलं ते सगळं वेगाबद्दल, ब्रेकबद्दल. त्याची उत्तरं देऊन झाली, उतरा म्हणाले, आणि बाबा उतरले नाहीत. म्हणाले, एक राहिलं, तो त्या वेळी मागे वळून कंडक्टरशी बोलत होता. हे कुणी विचारलंच नव्हतं. दोस्ताची नोकरी गेली. त्याच्या मुली तिच्याशी खेळायच्या बंद झाल्या, त्यांच्या घरून एकदा परत आलेलं तिच्या घरचं भांडं दाराबाहेर ठेवलेलं मिळालं. आई बाबांना म्हणाली, "तुम्हाला विचारलं होतं का कुणी?" बाबा म्हणाले, "नाही ना विचारलं. म्हणून तर सांगावं लागलं." आई त्यानंतर कित्येक दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. बाबाही कुणाशी फारसे बोलत नव्हते. आपण काही मोठं केलं असं त्यांच्या तोंडावर कधीच दिसलं नाही. ते आजारी माणसासारखे दिसायचे.

"बाई, पुढचा," आतून आवाज आला. तिनं नाव पुकारलं. एक म्हातारी भिंतीला हात लावत आत गेली. घड्याळवालेही हल्ली असेच भिंतीला हात लावून येत. मागच्या चौकात एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान, म्हणजे काचेची एक पेटी आणि तिच्यामागे ते. तिचं स्वतःचं मनगटी घड्याळ त्यांच्याकडूनच नीट होऊन येई. भिंग नेहमी डाव्या डोळ्याला. उजवा लहानपणापासून नावाला होता, उजेड-अंधार कळण्यापुरता. म्हणून डाव्याला मोतीबिंदू धरला तेव्हा ते फार घाबरले. शस्त्रक्रियेच्या आधी काउंटरवर वाकून त्यांनी डॉक्टरांना नाही, तिला विचारलं होतं, "बाई, डॉक्टरांचा हात कसा आहे?" ती म्हणाली, "चांगला आहे." ते खरंच होतं. डॉक्टरांचा हात चांगलाच होता. पण शस्त्रक्रियेच्या दिवशी आत काहीतरी निसटलं. थेंबवाली शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाहेर आली ती कुणाशी न बोलता हात धुवायला गेली. पट्टी निघाली तेव्हा दिसत होतं, सगळे हसले, घड्याळवाल्यांनी पेढ्यांऐवजी सगळ्यांची भिंतीवरची आणि हातातली घड्याळं फुकट लावून दिली. मग ते आले आणि म्हणाले, डाव्या कडेनं काळं दिसतं, कुणीतरी बाजूला उभं असल्यासारखं. डॉक्टरांनी तपासलं, थेंब बदलले. पुन्हा आले, तेव्हा ते काळं आणखी आत सरकलं होतं. त्या दिवशी घड्याळवाले बाहेर गेल्यावर ती कागद घेऊन आत गेली तर डॉक्टर थेंबवालीला सांगत होते, अगदी खालच्या आवाजात, "पडदा सुटलाय. मोठ्या दवाखान्यात लगेच गेला तर वाचेल काही. उशीर झाला की संपलं." थेंबवाली म्हणाली, "मग पाठवा ना." डॉक्टर म्हणाले, "पाठवतो. तिथे पहिला प्रश्न काय विचारतील माहीत आहे? हे कुणी केलं." मग त्यांना ती दिसली. ते म्हणाले, "बाई, त्यांचा फोन आला तर सांगा, मी स्वतः बघणार आहे. मी ठरवतो काय ते." तिनं तसंच सांगितलं. डॉक्टर म्हणालेत, ते स्वतः बघणार आहेत. शब्दाला शब्द. आणि त्यानंतर घड्याळवाल्यांचा फोन आला की कडी वाजू लागली.

डॉक्टर वाईट नव्हते. हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगे आणि तेही खरंच होतं. ते घाबरले होते. जिन्यावर उभं राहून ते सिगारेट पेटवत आणि न ओढता जळू देत. परत आत येत तेव्हा त्यांच्या अंगाला त्या धुराचा वास असे आणि डोळे तिच्याकडे नसत. रोज सकाळी येताना त्यांचा चेहरा म्हणे की आज बोलून टाकतो, आणि फोन वाजला की ते उठत. तिला त्यांची कीव येई. घड्याळवाल्यांची कीव येई ती वेगळी, ती छातीत दुखे. पण या दोन्हींच्या मध्ये ती स्वतः कुठे उभी होती, ते तिला आज सकाळपर्यंत दिसलंच नव्हतं. ती समजत होती की ती या प्रकरणाच्या बाहेर आहे, काउंटरच्या अलीकडे. तिनं काय केलं होतं? विचारलं त्याचं उत्तर दिलं होतं, आणि ते दर वेळी बरोबर होतं.

दुपारी थेंबवाली डबा घेऊन तिच्या शेजारी बसली. हिनं नेहमीप्रमाणे डोळे मिटले, मान खाली घातली. नेहमीचे शब्द लहानपणापासूनचे, जिभेवर आपोआप येणारे. आज ते आलेच नाहीत. मिटलेल्या डोळ्यांपुढे अंधार होता आणि डाव्या कडेनं, तिला वाटलं, कुणीतरी उभं आहे. तिनं डोळे उघडले तेव्हा थेंबवाली घास हातात धरून थांबली होती.

"आज लांबलं गं. कुणासाठी एवढं?"

"झालंच नाही," ती म्हणाली. मग डबा उघडत, "घड्याळवाल्या काकांना कुणीतरी सांगायला हवं."

थेंबवालीनं मागे वळून डॉक्टरांच्या दाराकडे पाहिलं. "हळू बोल. मी काय गप्प बसलेय का? परवा खाली गाठले मी त्यांना. म्हटलं, काका, इथे बसून राहू नका, मोठ्या दवाखान्यात दाखवून या, आजच्या आज जा. आणखी काय सांगणार? माझीही नोकरीच आहे."

"मग?"

"मग काय! म्हणाले, त्या काउंटरवरच्या बाईंनी सांगितलंय, डॉक्टर स्वतः बघणार आहेत. त्या खोटं सांगायच्या नाहीत. मी थांबतो." थेंबवालीनं घास तोंडात टाकला. "माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? मी सगळ्यांनाच सांगत असते, काही होत नाही, जरासं चुरचुरेल. आणि चांगलं भगभगतं. तू खा बाई. तू कशाला जिवाला लावून घेतेस? तू थोडीच खोटं बोललीस."

हेच काल नवराही म्हणाला होता. काल रात्री अंथरुणावर पडण्यापूर्वी ती नेहमीप्रमाणे दिवस चाळायला बसली होती. ही सवय बाबांची. सकाळपासूनचं एकेक बोलणं आठवायचं, कुठे चुकलं ते बघायचं, आणि तेवढं देवापुढे ठेवायचं. रविवारी प्रार्थनेत सगळे मिळून कबुली देतात आणि मध्ये थोडं थांबतात, ज्यानं त्यानं आपलं आपलं मनात म्हणायचं. त्या थांबण्यात तिच्याजवळ म्हणायला किरकोळच असे. आळस, चिडचिड, नणंदेनं पाठवलेल्या साडीचा रंग बघून मनात आलेलं काहीबाही. खोटं बोलणं तिच्या यादीत कधी आलंच नाही. कालही तिनं दिवस चाळला. एक वाक्य खोटं निघेना. तरी उठवेना. नवरा म्हणाला, "काय गं, सापडेना का काही?" तिनं त्याला घड्याळवाल्यांचं सांगितलं. तो तिच्याच मंडळीतला, चर्चमध्ये तिच्याच बाकावर बसणारा, पण देवाशी त्याचं नातं शेजाऱ्याशी असावं तसं मोकळंढाकळं होतं. त्यानं नीट ऐकून घेतलं. "तू खोटं बोललीस का?" नाही. "डॉक्टर खरंच खोलीत नव्हते?" नव्हते. "मग झालं तर. झोप." आणि दिवा मालवून तो लगेच घोरायला लागला. तिला त्याचा राग आला, कारण तिनं स्वतःला अगदी हेच सांगितलं होतं आणि त्याच्या तोंडून ते किती पोकळ वाटत होतं.

आता समोर उघडा डबा आणि कानात थेंबवालीचं बोलणं. त्या खोटं सांगायच्या नाहीत, मी थांबतो.  इतकी वर्षं ती समजत होती की तिच्या एका नकारापुढे हा सगळा दवाखाना वाकला, एवढा शिकलेला माणूस तिच्या जिभेसाठी खुर्चीतून उठून उन्हात उभा राहतो. वाकलं कोण होतं? डॉक्टरांना खोटं बोलणारी बाई मिळाली असती तर त्यांची थाप एका आठवड्यात उघडी पडली असती, लोक तिला ओळखून गेले असते, दाराला धक्का देऊन आत शिरले असते. तिच्यामुळे दार पक्कं झालं. आणि तिला आठवले बाबा, साक्षीच्या पिंजऱ्यातून न उतरणारे, विचारलं नव्हतं ते सांगून घरी आलेले, ताटावर बसून भाताकडे नुसते बघत राहिलेले. बाबांच्या खरेपणानं त्यांचा दोस्त गेला, आईचं बोलणं गेलं. तिच्या खरेपणानं तिचं काय गेलं? तिला रविवारची सुट्टी मिळाली, सरबत मिळालं. तिला त्याची कधी झळच लागली नव्हती. हे कळलं आणि तिला एकदम लाज वाटली, इतकी की तिनं डब्याचं झाकण लावून टाकलं आणि थेंबवालीला म्हणाली, "भूक नाही."

तिनं उठून डॉक्टरांच्या दारावर टकटक केलं. ते काहीतरी लिहीत होते. "डॉक्टर, घड्याळवाल्या काकांना आज सांगा." ती उभ्यानंच म्हणाली.

"सांगणार आहे."

"आज."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्हाला वाटतं तितकं सोपं नसतं ते. मी त्यातून रस्ता काढतोय. तुम्ही तुमचं काम करा, मी तुम्हाला कधी खोटं बोलायला लावलंय का?"

"नाही," ती म्हणाली. याला दुसरं उत्तरच नव्हतं. ती परत काउंटरवर येऊन बसली. तिला स्वतःचाच संताप आला. दारापर्यंत गेली आणि पुन्हा एकदा, विचारलं तेवढ्याचं अचूक उत्तर देऊन आली.

दुपारची माणसं येऊ लागली. ती नावं लिहून घेत होती, पण तिचं लक्ष बाहेरच्या पायऱ्यांकडे होतं. चष्म्याचे नंबर, थेंबांच्या बाटल्या, "इथे सही करा", "पुढच्या मंगळवारी या". हात कामं करत होते. घड्याळवाल्यांना फोन करावा असं मनात आलं आणि हात रिसीव्हरपर्यंत गेलाही. पण काय म्हणायचं? माझ्यावर विश्वास ठेवू नका, असं? नोकरी जाईल हे तर दिसतच होतं. या वयात दुसरं कोण घेईल, नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात घर कसं ओढायचं. पण खरं सांगायचं तर ती त्याला घाबरत नव्हती. ती घाबरत होती त्या घटकेला, जेव्हा घड्याळवाल्यांना कळेल की तिला माहीत होतं. तो चेहरा तिला बघायचा नव्हता. म्हणजे डॉक्टर ज्याला घाबरून जिन्यावर जात होते, अगदी त्यालाच तीही घाबरत होती. फरक एवढाच की तिला जिन्यावर जावं लागत नव्हतं.

आणि घड्याळवाले आले. उद्या फोन करतो म्हणालेला माणूस दारात उभा होता, भिंतीला हात टेकून, मान डावीकडे कलती करून, उरलेल्या जागेतून बघता यावं म्हणून. सदऱ्याची बटणं एक चुकवून लावलेली. आतल्या फोनला तिनं बोटही लावलं नाही, पण डॉक्टरांच्या दाराची काच अर्धी पारदर्शक होती आणि त्यांना आकृती कळली असावी. खुर्ची सरकली. कडी निघाली. दार लागलं.

"बाई," घड्याळवाले म्हणाले. ते तिच्याकडे नाही, तिच्या आवाजाच्या जागेकडे बघत होते. "सकाळी तुम्ही सांगितलंत, तरी आलो. माफ करा. काळं मध्यावर आलंय. काटा दिसतो, पण तो कशावर फिरतो ते दिसत नाही. डॉक्टर आलेत का आता?"

"खोलीत नाहीत," ती म्हणाली.

शब्द आपोआप बाहेर पडले, इतक्या वर्षांची सवय. आणि घड्याळवाल्यांनी मान हलवली. वाद नाही, चिडणं नाही. "मग नसतीलच," म्हणाले, आणि दाराची चौकट चाचपत वळले. बाकावरच्या कुणीतरी त्यांना जायला पाय आत घेतले. थेंबवाली बाटली हातात धरून तिच्याकडे बघत होती.  काउंटरमागून ती बोलली, आणि मोठ्यानं.

"काका, थांबा. ते मागच्या जिन्यात उभे आहेत."

 बाकांवरचे मिटलेले डोळे उघडले. ती काउंटरमागून बाहेर आली, घड्याळवाल्यांचा हात धरला, डॉक्टरांच्या खोलीतून त्यांना नेलं, आणि मागच्या दाराला हात घातला. ते दार तिनं कधी उघडलं नव्हतं. ते वाटलं त्यापेक्षा घट्ट होतं. दार उघडलं तेव्हा डॉक्टर कठड्याला टेकून उभे होते, बोटांत जळती सिगारेट, आणि त्यांचा चेहरा चोरी करताना सापडलेल्या माणसासारखा नव्हता; खूप उशिरा कुणीतरी घ्यायला आलं असावं तसा होता.

"मी येतच होतो," ते म्हणाले.

"डॉक्टर, काय झालंय माझ्या डोळ्याला?"

डॉक्टरांनी सिगारेट पायाखाली दाबली. "पडदा सुटलाय. मोठ्या दवाखान्यात जायला हवं. आजच."

"आजच, का आधीच जायला हवं होतं?"

डॉक्टरांनी मागच्या दाराकडे पाहिलं. खालून रस्त्याचा आवाज येत होता. "मी फोन करतो तिकडे," ते शेवटी म्हणाले, "ओळखीचे आहेत, लगेच घेतील." आणि दोघांना चुकवून आत गेले. आतून आकडे फिरवल्याचा आवाज आला, मग त्यांचा आवाज, शस्त्रक्रिया कुणी केली ते स्वतःहून सांगणारा. 

घड्याळवाले तिच्याकडे वळले. इतक्या जवळून त्यांच्या डोळ्यात तिला काहीच वेगळं दिसत नव्हतं. स्वच्छ डोळा होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी थांबलोय हेही माहीत होतं?"

"हो," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला खरं बोलायला श्वास पुरला नाही.

 कठड्यावर त्यांची बोटं अगदी हलकेच फिरत होती, काहीतरी बारीक शोधत असल्यासारखी. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते तिला समजावून सांगावं तसं म्हणाले, "बाई, तुम्ही खोटारड्या असतात तर बरं झालं असतं. मी त्या दुसऱ्या बाईंचं ऐकलं असतं."

 माफी मागायचे शब्द तिच्याजवळ होते, नीट जुळवलेलेही होते, पण ते म्हटले असते तर त्यांनी माफ केलं असतं, तसा तो माणूस होता, आणि तेवढी सुटका तिला नको होती. ती आत गेली, तिनं आपली पर्स घेतली. काउंटरवर फोन वाजत होता. डॉक्टर त्यांच्या दारातून म्हणाले, "बाई, फोन," आणि मग तिच्या हातातली पर्स बघून दारातच थांबले. थेंबवालीनं जाऊन फोन उचलला.

घड्याळवाल्यांच्या मागोमाग ती रस्त्यावर आली तेव्हा ऊन होतं. "मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. घड्याळवाल्यांनी या म्हटलं नाही, येऊ नका म्हटलं नाही. चौकात ते न थांबता पुढे झाले आणि डावीकडून गाडी आली ती त्यांना दिसलीच नाही. तिनं दंड धरून मागे ओढलं. गाडी गेल्यावर त्यांनी दंड सोडवून घेतला, सदरा नीट केला, आणि पुन्हा चालू लागले. तिनं परत हात धरला नाही. ती वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला गेली आणि तिथून चालत राहिली, जिकडून त्यांना ती दिसत नव्हती.